राउटरमधला १४९२

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला १४९२ म्हटलं की एकच गोष्ट आठवते, कोलंबस. त्यामुळे राउटरच्या सेटिंगमध्ये हा आकडा दिसला तेव्हा मी चष्मा पुसून परत पाहिलं.

२००९ची गोष्ट. शनिवारी रात्री नेट अडकलं म्हणून मी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली. ते रीसेटचं भोक निघालं! होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. रविवारी सकाळी लेक अमेरिकेहून आठ दिवसांच्या नातवाला स्काइपवर दाखवणार होती. हिने नेसायची साडीसुद्धा काढून ठेवलेली. काय केलंय ते सांगायचा धीर होईना. शेवटी बोईसरला एमआयडीसीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. "सर, घाबरू नका, वही-पेन घ्या," तो म्हणाला. (वर्गात हे वाक्य माझं असायचं.)

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१. मग व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५, पीपीपीओई, युजरनेम, पासवर्ड. "आणि एमटीयू १४९२च राहू द्या, सर." बाराच्या सुमारास दिवा हिरवा झाला. सकाळी नातू दिसला. झोपलेलाच होता.

वही राहिली. पुढे सवडीने वाचताना लक्षात आलं, हे सेटिंगचं पान म्हणजे उत्खननच आहे. प्रत्येक चौकट वेगळ्या काळातली.

तळाचा थर १९६९चा. आमच्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचं व्यावसायिक उत्पादन सुरू झालं २८ ऑक्टोबर १९६९ला. दुसऱ्याच रात्री कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे अर्पानेटवरचा पहिला संदेश निघाला. लिहायचं होतं 'लॉगिन'. 'एल' आणि 'ओ' पोचले आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. दोन्ही टोकांना आयएमपी नावाचं कपाटाएवढं यंत्र होतं, तीच आजच्या राउटरची आजी. काम पोस्टातल्या सॉर्टिंगसारखं. घरातलं पत्र घरात द्यायचं, बाकी सगळं वरच्या ऑफिसात ढकलायचं. त्या वरच्या ऑफिसचा पत्ता म्हणजे डिफॉल्ट गेटवे. कोल्हापूरचं पत्र तिथल्या कुठल्या गल्लीत जाणार हे पालघरला माहीत असायची गरज नाही, योग्य गाडीत चढवलं की झालं.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही अमेरिकेतूनच आल्या. जाळं यायला मात्र वीस वर्षं गेली. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने १९८९ मध्ये अमेरिकेशी लाइन जोडली, सेकंदाला ९,६०० बिटची. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलकडून. जुहू इथून लोकलने जाऊन-येऊन एका दिवसाचं काम, आणि मी वर्गात त्याचा एकदाही उल्लेख केला नाही! पाठ्यपुस्तकात नव्हतं, ही सबब झाली. मलाच ठाऊक नव्हतं, हे खरं.

१९२.१६८ हा थर १९९६चा. या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच, ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. माझ्याकडे आणि शेजाऱ्याकडे तोच १९२.१६८.१.१ असतो तो त्यामुळे. बाहेरच्या जगाला आमचं सगळं घर एकाच पत्त्याने दिसतं.

आणि १४९२? त्यासाठी सोपाऱ्याला जावं लागेल. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. आपला मजकूर तारेतून असाच जातो, एकात एक घातलेला. इथरनेटच्या करंडकात १,५०० बाइट मावतात. मोडेमने फोन फिरवण्याच्या काळातली नाव-पासवर्डची रीत १९९९ मध्ये त्यात बसवली, तिचं नाव पीपीपीओई. तिच्या वेष्टनाला ८ बाइट लागतात. उरले १,४९२. कोलंबसाचा काही संबंध नाही!

तो ० आणि ३५ टेलिफोनवाल्यांच्या जुन्या एटीएम पद्धतीतला, बँकेतल्या एटीएममधला नव्हे. तांब्याची तार गेली तसे ते दोघे आमच्या घरातून गेले. आता फायबर आहे, नातू शाळेत जातो. परवा नव्या डब्याचं पान उघडून पाहिलं. १४९२ आहे तिथेच आहे.