उच्छ्वास

रस्त्यापासून अंगणातल्या टाकीपर्यंतची आमची पाण्याची लाईन बाबांनी १९७६ साली टाकली. जीआयचा पाईप पुरला, वर शहाबादी फरशी बसवली, विषय संपला. परवा तीच लाईन खणावी लागली. पारिजातकाखालची माती भर उन्हाळ्यात ओली, आणि सकाळी पाणी आलं की पहिल्या बादलीला वास. शेजारूनच गटाराचा पाईप गेलाय, आणि घरात ८१ वर्षांची आई.

पाणी वाया जातं हे खरं दुखणं नव्हेच, असं प्लंबरचं म्हणणं. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या पाईपात ओढ तयार होते. सकाळी ज्या भोकातून चांगलं पाणी बाहेर गेलं, त्याच भोकातून दुपारी आजूबाजूची घाण आत येते. कावीळ, टायफॉईड घरात शिरायची ही एक वाट. तोवर उकळल्याशिवाय प्यायचं नाही असं ठरलं.

पण पाईप नेमका कुठून गेलाय? नकाशा नाही, बाबा नाहीत. सहा फरश्या उखडल्या, त्यातल्या चार फुकट. शेवटी सॉकेटच्या आट्यांपाशी गंजून पापड झालेला पाईप सापडला. तेवढाच तुकडा बदलता आला असता, पण बाकीचाही त्याच वयाचा! सगळी लाईन बदलली, गटारापासून लांबून आणि त्याच्यापेक्षा वरून नेली. मापं वहीत लिहून ठेवलीत. नातेवाईक मंडळींनी हे वाचून आपापल्या वह्या काढाव्यात :)

हे चालू असताना मला सारखा कात्रजचा नळ आठवत होता. नळ म्हणजे तोटी नव्हे, जमिनीखालचा दगड-चुन्याचा बोगदाच. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, सगळं उतारावर. माणूस आत उतरून चालू शकेल एवढी त्याची उंची. आणि ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे वर जमिनीपर्यंत येणारे दगडी बांधणीचे उभे झरोके. त्यांतून हवा खेळायची, तळाशी गाळ बसायचा, आणि माणूस उतरून तो उपसायचा.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी धरून चालणं की हे कधीतरी तुंबणार, कधीतरी गळणार. दुरुस्तीला येणाऱ्या माणसासाठी त्यांनी आधीच दार ठेवलं. आमच्या बाबांनी (आणि बहुतेक सगळ्यांच्या बाबांनी) फरशी बसवली. असो.

पुढे इंग्रजी अमदानीत खडकवासल्याचं पाणी आलं आणि हौदांचं महत्त्व गेलं. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. पुण्याचे नळ कोरडे पडले आणि लोक पुन्हा विहिरींकडे आणि पेशवाईतल्या हौदांकडे वळले. आत्या तेव्हा शुक्रवार पेठेत राहायची. पहाटे चारला हौदावर रांग लावायची, दोन घागरी मिळायच्या, आणि त्यातली एक वाटेतल्या म्हातारीला द्यावी लागायची म्हणून ती अजून कुरकुरते.