गोळी सोसत नाही, म्हणून गप्प बसायचं का?

कोळगावातून तुमची बचत गटाची ताई बोलतेय.

मागे एकदा बैठक संपली, हप्ते भरून झाले, तरी एक मैत्रीण उठेना. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ताई, छातीत धडधडतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली. दोन दिवस घेतली, तर मळमळ सुटली, हात थरथरायला लागले. पाकीट तांदळाच्या डब्यामागे टाकलंय. घरात बोलले तर म्हणतील, हिला ठाण्याला न्या!"

हा टोमणा आपल्याकडे जुना आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. आपला पालघर भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्या काळी मनाच्या आजारांवर नेमकी औषधं फारशी नव्हती, माणसाला चार भिंतींत ठेवणं एवढंच हाती होतं. ती भीती घराघरात बसली. पण चिंतेचा आजार म्हणजे वेड नव्हे. तो घरी राहून, कामधंदा करून बरा होऊ शकतो.

आता गोळ्यांची गोष्ट ऐका. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पूर्वीपासून औषधात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी तिचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं. मोठा गाजावाजा झाला. मग ते घेणारे काही रुग्ण उदास होत असल्याच्या नोंदी आल्या. तेव्हा "झाडपाल्याचं आहे, त्रास होणारच नाही" असं कुणी म्हणालं, तर सर्पगंधा आठवा.

पुढे १९६० च्या आसपास डायझेपामच्या जातीच्या शांत झोपेच्या गोळ्या आल्या. त्यांनी लगेच बरं वाटायचं, म्हणून वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. नंतर कळलं, की त्यांची सवय लागते आणि एकदम बंद केल्या तर त्रास वाढतो. १९८० नंतर फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं आली. त्यांची तशी सवय लागत नाही, पण पहिले काही दिवस मळमळ, बेचैनी होऊ शकते आणि गुण यायला काही आठवडे जातात. आपली मैत्रीण नेमकी त्या पहिल्या दिवसांतच थांबली होती. यातला प्रत्येक दुष्परिणाम डॉक्टरांना कळला, कारण कुण्या रुग्णाने तोंड उघडून सांगितलं.

गोळीशिवायही उपचार आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते ७० च्या दशकांत पतंजलीच्या योगावर आधारलेली पद्धत चिंतेच्या रुग्णांवर तपासून पाहिली. एका गटाला आसन, प्राणायामापासून ध्यानापर्यंत पूर्ण पद्धत शिकवली, दुसऱ्याला नुसती तशी दिसणारी अर्धी. पूर्ण पद्धतीच्या गटाला जास्त गुण आला. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विचार बदलून मन सावरण्याचा उपचार मांडला. तो मराठी माणसांपर्यंत आणला कि. मो. फडके यांनी. "लोक काय म्हणतील" हा विचार मनात घट्ट बसतो ना? तो खरा किती, हे तपासायला समुपदेशक शिकवतो. याला वेळ लागतो, सराव लागतो.

आणि एक हक्क लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, उपचार कोणता आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. तेव्हा विचारायला लाजू नका.

मी मैत्रिणीला बचतीच्या वहीसारखी एक वही करायला सांगितली. गोळी किती वाजता घेतली, जेवणाआधी की नंतर, काय झालं, किती वेळ टिकलं. थायरॉइड, रक्तदाब, अंगावर पाजणं, दिवस राहिलेले असणं, दुसरी औषधं, सगळं त्यात लिहायचं. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं तरी धडधडतं, म्हणून तीही तपासणी मागायची. वही घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचली, मात्रा निम्मी केली, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि हळूहळू वाढवू म्हणाले. मळमळ कमी झाली. सोबत ती समुपदेशनालाही जाते. धडधड अजून पूर्ण गेलेली नाही, पण आता ती रात्री चार-पाच तास झोपते.

गोळी मनाने बंद करू नका, मनाने वाढवू नका. अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं, श्वास लागला किंवा जीव द्यावासा वाटला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. बोलायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्त्याची वही उघडाल, तेव्हा शेजारणीला एवढंच विचारा, "झोप लागते ना गं?" नमस्कार.