स्त्रियांचे इस्पितळ आणि मजुरीचा प्रश्न

स्त्रियांसाठी वेगळे इस्पितळ आणि त्यात वेगळे शस्त्रक्रियागृह ही दानधर्माची बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तिथल्या वाचनातून आमचे मत निराळे बनले. हा प्रश्न पहिल्यापासून मजुरीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

इतिहास पाहा. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी 1878 साली गिरणी कामगारांचे तास बांधून देणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला. त्या खटपटीतून 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा झाला. तो अपुरा होता. त्याने मुलांचे तास बांधले, पण गिरणीतल्या बाईला 1891 पर्यंत वाट पाहावी लागली. याच सोराबजींनी 1882-83 च्या सुमारास जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्यासह विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी एक लाख रुपये देऊ केले. कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हाती राहावा, हे या योजनेचे मर्म होते. डिसेंबर 1883 मध्ये डॉ. एडिथ पीची मुंबईस आल्या आणि 1886 साली कामा इस्पितळ सुरू झाले. परपुरुषापुढे बोलण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या बायकांना एक दार उघडले. याच पीचीबाई स्त्रियांना समान कामासाठी समान वेतन मागत होत्या, हे विसरता कामा नये.

ही लाट वऱ्हाडातही आली. 1885 साली लेडी डफरीन फंड निघाला. अमरावतीचे सरकारी स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन'च आहे, तर अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. आमचे वाशिम 1905 पर्यंत जिल्हा होते. पुढे ते अकोल्यात गेले आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा जिल्हा झाले. मधल्या काळात जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अकोला. रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या मजूर बाईला तिथवर जायचे तर तिचा रोज बुडे, सोबत येणाऱ्याचाही बुडे. इस्पितळ फुकट असले तरी तिथे जाणे फुकट नसते.

याची जबर किंमत मराठवाड्यात दिसली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची 2019 साली सरकारी पाहणी झाली. 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यातली पुष्कळ ऑपरेशने खाजगी दवाखान्यांत झाली होती. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, उचल फिटत नाही. मग पाळीचे दुखणे कायमचे संपवा, असे सांगणारा भेटला की बाई कर्ज काढून टेबलावर जाते. काही महिन्यांत पुन्हा फडात उभी राहते, आणि कंबर, हाडे साथ देईनाशी होतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. कामाच्या संस्थापकांनी बाईला विश्वासाने बोलता येईल अशी डॉक्टर दिली. ते अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे ऑपरेशनची खरोखर गरज आहे का हे तपासणारा सरकारी विभाग जवळ असणे, आणि त्यानंतर विश्रांतीच्या दिवसांची मजुरी मिळणे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा 1995 साली कायद्यात आली, पण शेतमजूर बाईपर्यंत ती पोहोचली नाही. इस्पितळाच्या इमारतीसाठी अर्ज करताना, नागरिकहो, त्याच कागदावर खाड्याचाही प्रश्न लिहा. सोराबजींनी दोन्ही कामे एकाच माणसाची मानली होती.