कोर्टातला जबाब सही करण्याआधी असा तपासा

जमिनीची वाटणी, बांधाचा वाद, मारहाण अशा कारणांनी कवठे येमाईच्या माणसाला शिरूरच्या कोर्टात साक्षीला जावं लागतं. तिथे आपण बोलतो, समोर टाइप होतं आणि शेवटी सही होते. पुढे अपिलात आपला आवाज नसतो, फक्त तो कागद असतो. म्हणून सही करण्याआधी तो नीट वाचून घ्या.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ नुसार, वॉरंट व सेशन खटल्यांत साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि गरज असेल तर दुरुस्त करायची असते. नोंद न समजणाऱ्या भाषेत असेल, तर अर्थ सांगावा लागतो. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली साक्ष फिरवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये मीर मोहम्मद उमर खटल्यात स्पष्ट केलं आहे.

काय तपासाल?

१. नाव : एकाच गावात दोन ‘शेख रफिक’ असू शकतात. वडिलांचं नाव, वय आणि ‘उर्फ’ पाहा. आधार, सातबारा आणि जबाब यांत स्पेलिंग एकच हवं.

२. स्वल्पविराम : ‘सही मी केली नाही, भावाने केली’ आणि ‘सही मी केली, नाही भावाने केली’ यांत शब्द तेच आहेत, पण जबाबदार माणूस बदलला. ‘नाही’ असलेलं प्रत्येक वाक्य दोनदा वाचा.

३. दशांश चिन्ह : ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, जवळपास एक एकर. ०.०४ झालं तर उरतात फक्त ४ आर.

४. आपले शब्द : ‘खुला’ म्हणजे बायकोने मागितलेली फारकत, टाइप करणाऱ्याला तो ‘मोकळा’ वाटू शकतो. ‘हिबा’ म्हणजे हयातीत दिलेलं बक्षीस. त्याजागी ‘हिस्सा’ पडला तर दावाच बदलतो. असे शब्द सावकाश सांगा आणि अर्थही सांगा.

५. तारीख : ‘बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी’ एवढंच नको, इंग्रजी तारीख आणि सालही असू द्या.

चूक दिसली तर?

स्वतः पेनने खाडाखोड करू नका. तिथेच न्यायाधीशांना सांगा, वकिलांनाही दाखवा. न्यायाधीशांनी दुरुस्ती केली नाही, तरी आपल्या हरकतीची नोंद ते करू शकतात. नंतर जबाबाची नक्कल काढून घरी ठेवा.

पोलिस ठाण्यात

फिर्याद वाचून घेऊनच सही करा. तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपासात साक्षीदाराने दिलेल्या जबाबावर मात्र त्याची सही घ्यायची नसते, असं कलम १८१ सांगतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नसेल, तर ‘साहेब, वाचून दाखवा’ एवढं म्हणायला त्यांना आधीच सांगून ठेवा. तो त्यांचा हक्क आहे.