सायकलचे हायड्रॉलिक ब्रेक आणि सस्पेन्शन फोर्क: निगा कशी राखायची?

माउंटन बाइक घेतलेल्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "यात मोटरसायकलचं ब्रेक ऑइल टाकलं तर चालेल का?" आधी ब्रेक कोणत्या कंपनीचा आहे ते बघा. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१, पण त्यांच्याच डीबी८ आणि मेवनला मिनरल! स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळते ती बाटली बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४ ची. मिनरलवाल्या ब्रेकमध्ये ती ओतली की आतले रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि पुढे लिव्हर-कॅलिपर बदलायची वेळ येते. उलटं केलं तरी सील खराबच होतात. आणि डॉट ५ वेगळंच, ते सिलिकॉनचं, ५.१ च्या जागी चालत नाही.

द्रव दाबला जात नाही, म्हणून लिव्हरचा जोर थेट पॅडपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. लिव्हर स्पंजसारखा लागतोय आणि भराभर दाबल्यावर कडक होतोय, म्हणजे आत हवा आहे. ब्लीडिंग करून घ्या. डॉट ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापला की त्याची वाफ होते आणि लिव्हर सरळ हँडलला टेकतो. घाटात हे झालं तर काय, ते सांगायला नको. म्हणून डॉट ऑइल साधारण वर्षाला बदलावं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली कॅलिपरपाशी साचतं आणि तिथेच उकळतं.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. शिमानोच्या पॅडचं मटेरियल ०.५ मिमी उरलं की पॅड बदलायचे. डिस्क किती झिजेपर्यंत चालेल ते बहुधा तिच्यावरच कोरलेलं असतं. चेनवर स्प्रे मारताना डिस्क झाकायला विसरू नका! तेल लागलेली डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की साफ होते, तेल प्यालेले पॅड मात्र मी सरळ फेकून देतो.

आता फोर्क. प्रत्येक राइडनंतर वरच्या चकचकीत नळ्या ओल्या कापडाने पुसा, कारण सीलपाशी अडकलेली माती त्या नळ्यांना घासते. सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशर पाइप तिथे नको. पाणी सीलमधून आत ढकललं जातं. रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी सांगते. किती तास झाले हे फोनमधलं राइड अ‍ॅप सांगेलच. हे काम घरी करणार असाल तर खोलण्याआधी सगळी हवा सोडायची, याला पर्याय नाही.

एअर फोर्कमध्ये हवा शॉक पंपानेच भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, आतली जागा एवढीशी असते की क्षणात प्रेशर मर्यादेबाहेर जातं. सायकलवर बसल्यावर फोर्क २० ते २५ टक्के खाली बसला पाहिजे, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कला २४ ते ३० मिमी. नळीवरचं रबरी रिंग खाली सरकवून बसा, अलगद उतरा आणि पट्टीने मोजा. स्वस्त सायकलींच्या फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिथे हवेचा प्रश्नच येत नाही.