सुट्या भागांची गाडी

'बग्गी' म्हटले की आपल्याकडे अजून घोडाच आठवतो. संस्थानिकांची बग्गी, वरातीची बग्गी. पण १९८६ च्या दिवाळीच्या सुटीत बेळगावातल्या आमच्या गल्लीत जी बग्गी आली, तिला घोडा नव्हता. ती आली पुठ्ठ्याच्या खोक्यातून, सुट्या भागांच्या रूपाने. शेजारच्या माझ्या मित्राचे मामा जहाजावर होते. मुरगाव बंदरात बोट लागली की दोन दिवस बहिणीकडे यायचे आणि येताना काहीतरी आणायचे. कधी साबण, कधी कॅसेट. त्या खेपेला भाच्यासाठी त्यांनी हे खोके आणले. वर धूळ उडवत निघालेल्या पांढऱ्या गाडीचे चित्र आणि नाव 'ग्रासहॉपर', म्हणजे आपला नाकतोडा.

मित्राच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी, आणि खोक्यातली पुस्तिका जपानी व इंग्रजी. पण त्या पुस्तिकेला भाषेची फारशी गरजच नव्हती. प्रत्येक पायरीचे चित्र आणि प्रत्येक स्क्रूची खऱ्या मापाची आकृती. स्क्रू कागदावर आडवा ठेवायचा, जुळला की तोच घ्यायचा. तेरा वर्षांच्या आम्हा दोघांनी चार दिवसांत गाडी उभी केली. अडले ते चार्जरपाशी. तो जपानच्या १०० व्होल्टचा आणि आपली वीज २३० व्होल्टची. माझे वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी कोणाकडून तरी ट्रान्सफॉर्मर मागून आणला, तेव्हा कुठे बॅटरी भरली. ती दहा-पंधरा मिनिटे चाले. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी सारी गल्ली तासभर वाट पाही.

सातव्या दिवशी रिमोट माझ्या हातात होता. गाडी भरधाव जाऊन आमच्याच तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर आदळली. पुढचे डावे चाक ज्यावर वळते तो प्लास्टिकचा सांधा तुटला. मित्र रडला नाही, भांडलाही नाही. तो माझ्याशी बोलेनासा झाला. ते अधिक वाईट होते.

संध्याकाळी वडिलांनी तो तुकडा दिव्याखाली धरून पाहिला. "नकल तुटलीय. एवढंच ना?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांच्या डब्याच्या पिशवीत पितळेची नकल होती. कापलेली, भोके पाडलेली, कानशीने घासून गुळगुळीत केलेली. ती बसली, गाडी धावली, मित्र बोलू लागला. फक्त पितळ ते पितळच, जड पडले. त्या दिवसापासून आमचा नाकतोडा सदैव डावीकडे ओढायचा.

पन्नाशी उलटल्यावर अलीकडेच मी तेच खोके विकत घेतले. घरात साहजिकच प्रश्न निघाला, "या वयात हे कशाला?" मला पटकन उत्तर देता आले नाही. ते शोधताना या खेळण्याचा जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

* * *

या इतिहासाची सुरुवात खेळण्याने होत नाही, युद्धाने होते. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळच्या समुद्रात 'बंकर हिल' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर दोन जपानी आत्मघातकी विमाने येऊन आदळली. साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. पाण्यात उडी टाकून जे वाचले त्यांत ब्रूस मायर्स नावाचा एक तरुण खलाशी होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकी विमानांनी जपानमधले शिझुओका शहर बाँबफेक करून जाळले. या जहाजावरचा खलाशी आणि ते जळालेले शहर यांच्यामुळे पुढे एक खेळणे जन्माला येणार होते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

मायर्स युद्धानंतर कॅलिफोर्नियात परतला, लाटांवर फळ्या चालवू लागला, होड्या बांधू लागला. होड्यांमुळे फायबरग्लासचे काम त्याच्या हातात बसले. किनाऱ्याच्या वाळूत जुन्या गाड्यांची मोडतोड करून भटकण्याची तिकडच्या तरुणांना हौस होती. मायर्सने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर फायबरग्लासचा हलका, उघडा सांगाडा चढवला. हीच 'मायर्स मँक्स', वाळवंटी बग्गीची मूळ पुरुष. १९६७ मध्ये मायर्सने एका सोबत्यासह मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर ३४ तास ४५ मिनिटांत तोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या वाटेवर पहिली मोठी शर्यत झाली, तीही मँक्सनेच जिंकली.

आता यातली गंमत पाहा. मायर्स तयार गाड्या विकत नव्हता, खोके विकत होता. सांगाडा आणि काही भाग तो देई. इंजिन, गिअर, चाके गिऱ्हाईकाने एखाद्या जुन्या बीटलमधून काढून आपल्या अंगणात जोडायची. अशी काही हजार खोकी त्याने विकली. पण ज्याला सांगाडा दिसला त्याला नक्कलही करता आली. मायर्सचे पेटंट न्यायालयात टिकले नाही, नकला करणारे बोकाळले आणि १९७१ मध्ये त्याची कंपनी बंद पडली. मायर्स २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी वारला. त्याच्या गाडीचे वळण मात्र जगभर राहिले. मी जे खोके विकत घेतले ते म्हणजे दुरून पाहिले तर खोक्याचेच खोके.

* * *

तिकडे शिझुओकात काय झाले? हे शहर मुळात सुतारांचे. तोकुगावा राजवटीत किल्ला आणि देवळे बांधण्यासाठी तिथे कारागीर आणले गेले आणि तिथेच रमले. त्यांच्या वारसांनी फर्निचर केले, लाखकाम केले. आपल्या गोकाकची लाकडी फळे किंवा सावंतवाडीची खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना असे गाव समजायला वेळ लागणार नाही. १९४६ मध्ये, राखेतून उठणाऱ्या या शहरात योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली. जोडीला लाकडी नमुने, जहाजे वगैरे, तयार होऊ लागली. १९५१ मध्ये आग लागून लाकूड जळाले. दोन वर्षांनी लाकडाचा मूळ धंदा त्यांनी सोडला आणि खेळण्यांवरच सारी भिस्त ठेवली.

तेही सोपे गेले नाही. परदेशी प्लास्टिकच्या नमुन्यांपुढे लाकूड टिकेना. १९६० मध्ये तामियांनी 'यामातो' या युद्धनौकेचा पहिला प्लास्टिकचा संच काढला आणि तो पडला. सावरायला काही काळ जावा लागला, तेव्हा मोटारवर चालणाऱ्या 'पँथर' रणगाड्याने हात दिला. योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांच्या काळात हे नाव जगभर गेले. त्यांची एक गोष्ट या छंदातले सारे सांगतात. पोर्शे गाडीचा नमुना हुबेहूब व्हावा म्हणून त्यांनी चक्क खरी पोर्शे विकत घेतली आणि ती खोलून पाहिली. १९७६ मध्ये आलेली रेडिओवर चालणारी 'पोर्शे ९३४' हे त्या खोलण्याचे फळ. शुनसाकू २०२५ च्या जुलैत ९० व्या वर्षी निवर्तले.

रस्त्यावरची गाडी झाली, तशी मातीतली गाडी हवीच होती. १९७९ मध्ये तामियाने दोन बग्ग्या काढल्या, 'रफ रायडर' आणि बीटलच्या आकाराची 'सँड स्कॉर्चर'. पुढच्या चाकांचे झोके बीटलच्याच पद्धतीचे, आणि पाण्याचिखलाने रेडिओ बिघडू नये म्हणून बंद डबी. ज्यांच्या विमानांनी मायर्सचे जहाज जाळले, त्यांच्या देशात मायर्सच्या कल्पनेची खेळणी होऊ लागली. आणि ज्यांच्या विमानांनी शिझुओका जाळले, त्यांची मुले ती खेळणी हट्टाने मागू लागली. चौतीस वर्षांत एवढे घडले.

आमचा नाकतोडा १९८४ चा. तो गरिबांची बग्गी. मोटार लहान, गिअरपेटी साधी, सांगाडा एका प्लास्टिकच्या टोपलीसारखा. त्याच वर्षी त्याच सांगाड्यावर मोठी मोटार घालून 'हॉर्नेट' आली. शहाण्यांच्या शर्यतीत नाकतोड्याला कोणी विचारले नसेल. पण पहिली गाडी म्हणून तो किती पोरांच्या हातात पडला याला गणती नाही.

* * *

आपल्याकडे मात्र तो दुर्मीळच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले ते एप्रिल २००१ मध्ये. तोवर अशी खेळणी यायची ती कोणाच्या तरी मामाच्या पेटीतून. त्या काळच्या गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालत, स्फटिकाच्या जोडीने. दोन गाड्यांचे स्फटिक एकच निघाले तर एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी पळवी. आमच्या गल्लीला ती भीती नव्हती. गाडीच एक होती.

निर्बंध गेले, पण खेळणी स्वस्त झाली असे नाही. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय खोक्यात रेडिओ संच, बॅटरी, चार्जर नसतात. ते वेगळे घ्यायचे. हिशेब झाल्यावर मी तो आकडा घरात दोन हप्त्यांत सांगितला.

नव्या शतकात ही खोकी परत का आली, याचे उत्तर सरळ आहे. ऐंशीच्या दशकातली पोरे कमावती झाली होती. २००४ मध्ये हॉर्नेट परत आली, २००५ मध्ये ग्रासहॉपर. रफ रायडर २००९ मध्ये 'बग्गी चॅम्प' या नावाने परतली, पुढच्या वर्षी सँड स्कॉर्चर. क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीने आपली १९८२ ची 'स्कॉर्पियन' २०१४ मध्ये काढली. आणि २०२३ मध्ये तामियाने 'बीबीएक्स' आणली. ही जुनी गाडी नव्हेच. नव्याने आखलेली, पण वळण जुन्या वाळवंटी बग्ग्यांचे.

मी दोन्ही पाहिल्या. बीबीएक्स देखणी आहे. जुन्या घराटीचा नवा वाडा बांधावा तशी. तरी मी नाकतोडाच घेतला, कारण मला एकच गोष्ट पाहायची होती. ती नकल.

पण त्याआधी घरच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. बाजार आपल्याच आठवणी आपल्याला विकतो, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तरीही माझा एक प्रश्न आहे. त्या काळात तयार, चकचकीत, रिमोटच्या गाड्याही येत होत्या. त्या बिघडल्या, फेकल्या गेल्या. त्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. मग नाकतोडाच का आठवतो? मला वाटते, जे आपण जोडलेले असते तेच आपल्याला खोलता येते, आणि जे खोलता येते तेच दुरुस्त होते. तयार गाडी फुटली असती तर वडिलांच्या पितळेला तिच्यात जागा नव्हती. माझी आठवण गाडीची नाहीच; तिच्यात एक तुकडा बदलता आला, याची आहे. तेवढ्यामुळे एक मैत्री मोडायची राहिली.

* * *

खोके आले त्या आठवड्यात मी मित्राला फोन केला. तो आता धारवाडला असतो. जुनी गाडी घर विकताना केव्हाच गेली, म्हणाला. चार दिवसांनी त्याचे पाकीट आले. आत कागदात गुंडाळलेली पितळेची नकल. त्याच्या वडिलांच्या खिळ्यामोळ्यांच्या डब्यात सापडली म्हणे. चिठ्ठीवर कन्नडात एकच ओळ लिहिली होती: डावीकडे ओढते, सांभाळून.

वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. हात कापतो, दृष्टी मंद झाली आहे. मी नव्या खोक्यातली प्लास्टिकची नकल त्यांच्या एका तळव्यावर ठेवली आणि पितळेची दुसऱ्यावर. त्यांनी ओळखली. बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग प्लास्टिकच्या तुकड्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट थांबले.

"हे बघ, इथं कोपरा गोल ठेवलाय. ताण वाटला जातो. मी सरळ ठेवला होता. आणि वजनही कमी करायला पाहिजे होतं."

अडतीस-चाळीस वर्षांनी त्यांनी आपल्या कामातली चूक काढली. मी काही बोललो नाही. त्यांनी पितळेचा तुकडा पुन्हा एकदा दिव्याकडे धरला.

"पण मोडला नाही," म्हणाले.

गाडी जोडून झाली आहे. उजव्या चाकाला नवी प्लास्टिकची नकल आहे, डाव्या चाकाला ती पितळेची. सरळ जात नाही. पण तशी ती कधीच जात नव्हती.