अर्भकाची कर्णवेदना : लक्षण, नाव आणि उपचार

बोलू न शकणाऱ्या अर्भकाचे दुखणे ओळखावे कसे, या प्रश्नास काश्यपसंहितेने एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. नेपाळातील ताडपत्रांवरून सिद्ध झालेला हा ग्रंथ १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. मूल हातांनी कान चाचपते, डोके सारखे हलविते, त्यास अन्न रुचत नाही व झोप येत नाही, ही कर्णवेदनेची लक्षणे तेथे नोंदलेली आहेत. आजचा बालरोगतज्ज्ञही आईस बहुतेक हेच विचारतो. मात्र कानाचा पडदा पाहिल्यावाचून तो निर्णय देत नाही.

सुश्रुताने कानाचे २८ रोग गणले व त्यांत कर्णशूल आणि कर्णस्राव वेगळे मानले. वस्तुतः मुलांच्या बाबतीत ही पुष्कळदा एकाच विकाराची दोन पावले असतात. मराठीतील ‘कान फुटणे’ हा प्रयोग वस्तुस्थितीस अधिक जवळचा होय : मध्यकर्णात साठलेला पू पडदा फोडून बाहेर येतो. परंतु त्याच क्षणी ठणका ओसरतो व घरातील माणसे दुखणे सरले असे समजतात. पुढे कान वाहत राहतो, त्यात तेल ओतले जाते, आणि बहिरेपणाचा पाया पडतो.

घसा व मध्यकर्ण यांस जोडणाऱ्या नलिकेचे वर्णन युस्टाकी या इटालियन शारीरज्ञाने १५६४ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांत ती आखूड व आडवी असल्यामुळे पडशामागून कान दुखू लागतो. पू कानामागील हाडात उतरल्यास ते हाड कोरण्याची शस्त्रक्रिया श्वार्ट्झे याने १८७३ मध्ये रूढ केली. सल्फा औषधे व पेनिसिलीन आल्यावर तिची गरज विरळ झाली. मग प्रत्येक ठणक्यास प्रतिजैविक देण्याची सवय जडली. २००४ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने तिला आवर घातला : सौम्य विकारात वेदनाशामक देऊन दोनतीन दिवस वाट पाहावी, सहा महिन्यांखालील अर्भकांस मात्र ही सवलत नाही.

ठणका गेल्यावरही पडद्यामागे द्रव राहू शकतो. बहुधा तो तीन महिन्यांत आटतो. न आटल्यास व ऐकू कमी येत असल्यास पडद्यात बारीक नळी बसवितात. ही पद्धत आर्मस्ट्राँग याने १९५४ मध्ये पुन्हा प्रचारात आणली. भाषाभ्यासकाचे लक्ष येथेच जावयास हवे. अशा मुलास मोठा आवाज ऐकू येतो, म्हणून कोणास शंका येत नाही; पण ‘घरात’ आणि ‘घरास’ यांतील भेद ज्या क्षीण अंत्य व्यंजनावर उभा आहे, ते त्याच्यापर्यंत अंधुकच पोहोचते.